चांदीचं ऑपरेशन

शिंदखेड्याच्या भीमनगरात द्रौपदाबाईकडे काही काम घेऊन आलेला माणूस आधी तिचं तोंड निरखतो. ती "हो" म्हणाली तर काम झालंच, आणि "नाही" म्हणाली तर दुसऱ्यांदा विचारण्यात अर्थ नसतो, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. नवरा, आधार, अचानक गेला तेव्हा भाऊबंदांनी सुचवून पाहिलं होतं, की बाई, पोरींना घेऊन माहेरी जा, इथं आता तुझं काय राहिलंय? "इथं माझं घर राहिलंय," ती म्हणाली. पुण्यानुमोदनाचा मंडप सुटला त्याच आठवड्यात तिने मोठ्या पातेल्यात ज्वारी भिजत घातली.

ती ज्वारी बिबड्यांची, म्हणजे खानदेशी पापडांची. भिजवलेली, आंबवलेली ज्वारी भरडून तिचा घाटा शिजवायचा, त्यात तीळ, लसूण, मिरची घालायची, आणि चटके सोसत ओल्या फडक्यावर बोटांनी थापत जायचं. खानदेशात उन्हाळा म्हटला की बिबडे आलेच, पण हल्ली थापायला बसतंय कोण? द्रौपदाबाई बसली. तिचा बिबडा हातात धरला तर पलीकडचं ऊन दिसावं इतका पातळ. पेठेतल्या रतिलालशेठच्या किराणा दुकानात तिचे डबे अगदी दर्शनी मांडलेले असत. ज्या घरांत एके काळी तिच्या सासूच्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्या घरांतून तिच्या बिबड्यांना मागणी येई. याचं तिला बरं वाटायचं, पण त्यासाठी ती कुणाचे आभार मानायला गेली नाही.

बिबडे वाळायचे धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, आणि तिथे राखणीला असायची लाली. लाली तिची कुत्री. तांबूस अंगाची, एक कान मुडपलेली. दोन्ही पोरींची लग्नं होऊन घर रिकामं झालं त्या वर्षी ती दारात आली आणि राहिली. गळ्यात द्रौपदाबाईने तिला जुन्या साडीच्या काठाचा पट्टा शिवून घातला होता. ऊन चढलं की लाली पाण्याच्या टाकीच्या सावलीला बसे आणि एक डोळा उघडा ठेवी. कावळा उतरायचा अवकाश, की ती अंगावर धावून जाई. स्वतः मात्र वाळवणाला तोंड लावत नसे. संध्याकाळी फुटका बिबडा हातावर मिळेपर्यंत ती थांबायची.

लालीला वर्षातून दोनदा पिल्लं व्हायची. मग हिलाल पोतं घेऊन यायचा.

हिलाल हा आधारचा धाकटा भाऊ. एकाच अंगणात पलीकडच्या दोन खोल्या त्याच्या. माणूस वाईट नव्हता. पुतण्यांच्या लग्नात तो बापासारखा उभा राहिला होता. पण पिल्लांचे डोळे उघडले, ती अंगणभर रांगायला लागली, की तो एका दुपारी ती पोत्यात भरायचा, मोटरसायकलला बांधायचा आणि बुराई नदीच्या पलीकडे सोडून यायचा. "तठे ढाबा शे, वहिनी. खावाले भेटस त्येस्ले," असं तो सांगायचा. लाली नंतर अंगणाचे कोपरे हुंगत फिरायची, आणि द्रौपदाबाई चुलीपुढून उठायची नाही.

गेल्या हिवाळ्यात ती उठली. हिलाल गेला त्या वाटेने चालत निघाली, नदी ओलांडली, आणि ढाब्यापाशी पोचली. ढाबा कधीचाच बंद पडला होता. शटरला गंज चढलेला. समोरच्या डांबरी रस्त्यावरून ट्रक जात होते. दोन पिल्लं रस्त्यालाच चिकटली होती. दोन बाभळीखाली पडली होती, त्यांच्यावर कावळे बसले होते. एकच तेवढं जिवंत होतं, कपाळावर पांढरा टिळा असलेलं, शटरला अंग चिकटवून थरथरत बसलेलं. द्रौपदाबाईने ते पदरात घेतलं. घरी आल्यावर तिने हिलालच्या दाराशी उभं राहून एवढंच विचारलं, "भाऊ, तो ढाबा शेवटला कधी देखा व्हता तू?"

हिलालने मान खाली घातली. त्या पिल्लाचं नाव चांदी.

उन्हाळ्यात लाली पुन्हा माजावर येऊन गेली, आणि काही आठवड्यांनी तिचं पोट वाढू लागलं. "परत पिल्लं," शेजारची सुंदरबाई ओट्यावरूनच म्हणाली. सुंदरबाई आणि द्रौपदाबाई एकाच वर्षी या गल्लीत सून म्हणून आलेल्या. रोज बोलल्याशिवाय दोघींना करमत नसे. पण द्रौपदाबाईला हे पोट वेगळं वाटत होतं. लाली पाण्याचं भांडंच्या भांडं रिकामं करत होती, भाकरीकडे बघत नव्हती, आणि तिच्या अंगाला एक घाण वास येत होता. गावातल्या गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला तपासलं आणि खरं ते सांगितलं. "बाई, हे माझ्याकडे होण्यातलं नाही. इथं ऑपरेशनची सोय नाही. धुळ्याला न्या, आणि आजच न्या."

तिने रिक्षा केली. धुळ्याला देवपुरात कुत्र्या-मांजरांचा एक छोटा दवाखाना होता. तो चालवणारी डॉक्टर मोनाली सावद्याकडच्या केळीवाल्यांच्या घरातली, उंच, कमी बोलणारी मुलगी. तिने लालीच्या पोटावर यंत्र फिरवलं आणि हात पुसत ती वळली.

"अक्का, ही गाभण नाही. हिच्या गर्भपिशवीत पू झालाय. आत्ताच्या आत्ता पोट उघडून पिशवी काढली तर काही आशा आहे. तरी वाचेलच असं मी म्हणणार नाही."

"नाही उघडलं तर?"

"तर नक्की जाईल. आणि फार हाल होऊन जाईल."

"मग उघडा," द्रौपदाबाई म्हणाली.

ऑपरेशन झालं. लालीने डोळेसुद्धा उघडले, द्रौपदाबाईचा हात चाटला. द्रौपदाबाई मुक्कामाला तिथेच देवपुरात, धाकट्या मुलीकडे, प्रज्ञाकडे गेली. सकाळी दवाखान्यात आली तेव्हा लाली गेली होती.

डॉक्टर मोनाली तिच्याशेजारी बाकावर बसली. "विष अंगात फार भिनलं होतं," ती म्हणाली. "मी प्रयत्न केला, अक्का."

"हे कशामुळे होतं?"

"ऑपरेशन न केलेल्या कुत्रीला वय झालं की कधीही होऊ शकतं. माज येऊन गेला की पिशवीत पू धरतो. लहानपणीच नसबंदी केली, पिशवी काढून टाकली, की हा आजारच होत नाही. पिल्लांचाही प्रश्न मिटतो."

द्रौपदाबाईचा आवाज चढला. "मग हे आम्हाला कुणी आधी सांगितलं का नाही? इतकी वर्षं मी तिला बाळंत करतेय, पिल्लं पोत्यात जाताना बघतेय, आणि हे होतं? असं करता येतं, हे कुणी बोललं का नाही?"

"तुमचं बरोबर आहे," डॉक्टर म्हणाली.

लालीला गोणपाटात गुंडाळून द्रौपदाबाई घरी घेऊन आली. हिलालने घरामागे खड्डा खणला. माती लोटून झाल्यावर मात्र त्याच्याने राहवलं नाही.

"मरी गयी नं शेवट? कापाले कोनी सांगेल व्हतं तुले? निसर्गना आड जावो नही मानुसनी."

"लाली आपरेशनमुये नही मरनी," द्रौपदाबाई फावडं हातात घेत म्हणाली. "आपरेशन कराले उशीर व्हयना म्हनीन मरनी. चांदीनं मी येळवर करसू."

हिलालला वाटलं, दुःखात बोलतेय, निवळेल. पण द्रौपदाबाईने धुळ्याला फोन करून तारीख ठरवली, आणि ठरवली म्हणून गल्लीत सांगितलंही. लपवायचं तिच्या स्वभावातच नव्हतं.

मग काय, बोलायला लोकांना विषयच मिळाला. एक कुत्री मारून हिचं समाधान झालं नाही, आता दुसरीला नेतेय. मुक्या जिवाची कूस उजाड करायची म्हणजे काय साधी गोष्ट आहे? सुंदरबाई तर अंगणातच उभी ठाकली. "पाप शे, द्रौपदा. तिले एकदा तरी माय होवू दे."

"पोतं बांधतस तधळ पाप कोठे जास?" द्रौपदाबाईने विचारलं. "मी देखेल शे तठे काय व्हस ते. तू देखं का? चाल मनासंगे, दखाडस तुले."

सुंदरबाई गेली नाही. घरात गेली आणि दार लावून घेतलं. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं.

रतिलालशेठकडे हे पोचायला वेळ लागला नाही. द्रौपदाबाई नवे डबे घेऊन दुकानात गेली, तेव्हा जुने डबे दर्शनी जागेवर नव्हते. आतल्या बाजूला, साबणाच्या खोक्यांमागे सरकवलेले होते.

"बाई, थोडे दिवस जाऊ द्या," शेठ तराजूकडे बघत म्हणाले. "गिऱ्हाईक बोलतं. ते कुत्र्याचं रक्त, ते कापणं, आणि त्याच हातांनी खाण्याची वस्तू... माझं काही नाही, मी हे मानत नाही. पण लोकांचं मन असतं."

द्रौपदाबाईला हा सूर ओळखीचा होता. कारण नवीन होतं, सूर सासूच्या काळचा होता. "शेठ, ऑपरेशन डॉक्टर करते, मी नाही," ती म्हणाली. "आणि माझे हात मी धुते. तुमचं गिऱ्हाईक धुतं का, ते विचारा त्यांना." ती दुकानाच्या आत शिरली, साबणाचे खोके बाजूला केले, आणि आपले सगळे डबे बाहेर काढले.

"अहो, परत कशाला नेताय? विकले जातील की हळूहळू."

"मागे लपवून विकायला मी चोरी केलेली नाही."

डबे एकावर एक रचून डोक्यावर घेतले आणि भरल्या पेठेतून ती घरी आली. वाटेत दोघातिघांनी विचारलं, काय बाई, विकले गेले नाहीत का? "विकायचे नाहीत त्यांना," ती प्रत्येकाला म्हणाली. घरी येऊन डबे उतरवले तेव्हा मान अवघडली होती. त्या उन्हाळ्याची अर्धी मेहनत तिच्यापुढे जमिनीवर होती. ती त्याकडे बघत बसली, आणि तिला रडू आलं. चांदीने येऊन मांडीवर तोंड ठेवलं. डोळे पुसून द्रौपदाबाईने तिला बाजूला सारलं आणि प्रज्ञाला फोन लावला. धुळ्यात तुझ्या ओळखीत बिबडे कोण कोण खातं, ते विचार म्हणाली.

ऑपरेशनचा दिवस उजाडला. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आदल्या संध्याकाळनंतर चांदीला खायला द्यायचं नव्हतं. द्रौपदाबाई सकाळी दोरी घेऊन अंगणात आली, तर चांदी नव्हती. हिलालही नव्हता. हिलालच्या बायकोला विचारलं तर ती भांडी घासत राहिली, आणि दुसऱ्यांदा विचारल्यावर हळूच म्हणाली, "नवलनानाना मळामा."

नवलनाना म्हणजे ज्यांच्या शेतात हिलाल कामाला होता ते. त्यांचा एक भला दांडगा काळा कुत्रा मळ्यावर असे. चांदी वयात आली की त्याच्याशी जोडायची आणि पहिली पिल्लं नानांना द्यायची, असा शब्द हिलाल वहिनीला न विचारता देऊन बसला होता. आता ऑपरेशन होणार म्हटल्यावर त्याने सकाळीच चांदीला उचलून मळ्यात नेऊन बांधलं.

द्रौपदाबाई मळ्यात पोचली तेव्हा नाना खाटेवर चहा पीत होते आणि हिलाल मोटर चालू करायला निघाला होता. चांदी गोठ्याच्या खांबाला बांधलेली होती. मालकिणीला बघून ती दोरीला हिसके देऊ लागली. द्रौपदाबाई सरळ खांबाशी गेली आणि गाठ सोडायला लागली.

"द्रौपदा, थांब जरा," नाना म्हणाले. "एक वेळ विऊ दे कुत्रीला. मग कर तुला काय करायचं ते. चांगल्या वाणाची पिल्लं होतील. आणि देवाने दिलेलं असं कापून टाकायचं, हे बरं दिसतं का?"

गाठ घट्ट होती. द्रौपदाबाई ती सोडवत राहिली. गोठ्यात नानांची बैलजोडी उभी होती, पांढरीशुभ्र, शांत. गाठ सुटली तशी ती वळली.

"नाना, ही जोडी खच्ची केलेली आहे ना?"

"मग? खच्ची केल्याशिवाय बैल औताला चालतो का?"

"तेव्हा म्हणाला होता का, एक वेळ होऊ दे म्हणून? देवाने दिलेलं कापलं तेव्हा बरं दिसलं?"

नानांचा चहा हातातच राहिला. "ती वेगळी गोष्ट आहे. ते शेतीचं काम आहे."

"तुमच्या कामासाठी कापलं तर शेती, आणि माझ्या कुत्रीच्या जिवासाठी कापलं तर पाप. असं कसं, नाना?"

नाना रागावले. त्यांच्या मळ्यात उभं राहून त्यांना कुणी असं बोलल्याचं हिलालला आठवत नव्हतं. तो मध्ये पडला. "वहिनी, नानांसमोर नको. शब्द देयेल शे मी."

"तुना शब्द तू पाय, भाऊ. कुत्री मनी शे."

"जाऊ दे तिला," नाना हात झटकून म्हणाले. "हिच्याशी कोण तोंड लावेल? ने बाई, ने. मेली म्हणजे मग रडत येऊ नकोस."

"मेली तर रडेन," द्रौपदाबाई म्हणाली. "पण तुमच्याकडे येणार नाही."

चांदीची दोरी हाताला गुंडाळून ती निघाली. पेठेतून जायचं टाळता आलं असतं, मागून वाट होती. ती पेठेतूनच गेली. एसटी स्टँडवर धुळ्याची गाडी लागलेली होती, पण कंडक्टर म्हणाला, कुत्रं गाडीत चालणार नाही. रिक्षावाल्याने भाडं आहे म्हणून सांगितलं, आणि तिथेच बिडी ओढत बसून राहिला. द्रौपदाबाई त्याच्यापुढे क्षणभर उभी राहिली आणि मग धुळ्याच्या रस्त्याला चालू लागली. धुळं चालत जाण्याइतकं जवळ नाही, हे तिलाही कळत होतं. पण स्टँडवर उभं राहून लोकांच्या नजरा झेलण्यापेक्षा चालणं बरं.

ऊन चढत होतं. गाव मागे पडलं, बाभळी सुरू झाल्या. चांदी उपाशीपोटी जीभ काढून चालत होती. बऱ्याच वेळाने मागून एक टेम्पो आला आणि पुढे जाऊन थांबला. दोंडाईच्याहून सुक्या मिरचीची पोती घेऊन तो धुळ्याच्या बाजारात चालला होता. ड्रायव्हरने मान बाहेर काढली.

"कुठे, मावशी? कुत्रं चावतं का?"

"चावत नाही. ऑपरेशनला चाललीय."

"कुत्री?" तो हसला, पण दार उघडलं. "पुढे जागा नाही. मागे पोत्यांवर बसावं लागेल. शिंका येतील हां."

शिंका म्हणजे काय, सोनगीर येईपर्यंत दोघींचं नाक थांबलं नाही. चांदी शिंकायची, मग द्रौपदाबाई शिंकायची. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. रस्त्याने जाणाऱ्या माणसांना वाटत असेल, बाई आणि कुत्री रडत चालल्यात. त्या सगळ्या सकाळीत पहिल्यांदा तिला हसू फुटलं.

डॉक्टर मोनालीने चांदीला तपासलं, आत नेलं आणि दार लावलं. द्रौपदाबाई बाहेरच्या पायरीवर बसली. इथे मात्र तिचा सगळा जोर ओसरला. याच दारातून लाली आत गेली होती. आपण हट्टाने हिलाही मारायला तर आणली नाही ना? गावापुढे आपलं खरं करायचं म्हणून? ती स्वतःलाच विचारत राहिली. तिला तिचं स्वतःचं ऑपरेशन आठवलं. दोन मुली झाल्यावर तिने कुटुंब नियोजनाच्या शिबिरात नाव दिलं, तेव्हा सासू नातवासाठी अडून बसली होती. मुलगा झाल्याशिवाय ऑपरेशन केलंस तर या घरात तुला भाकरी नाही, असं म्हणाली होती. सुंदरबाईनेही तेव्हा समजावलं होतं, अजून एकदा बघ. द्रौपदाबाईची तब्येत दुसऱ्या बाळंतपणातच ढासळली होती, तिसऱ्यात ती वाचली नसती. ती गेली आणि करून आली. सासूने खरंच चूल पेटवली नाही. आधारने स्वतः पिठलं टाकलं आणि ताट तिच्या अंथरुणाशी आणून ठेवलं. आपल्याला निदान विचारता आलं, नाही म्हणता आलं. चांदीच्या वतीने हे मीच ठरवलंय, आणि बरं-वाईट झालं तर तेही माझ्याच माथी, हे तिने पायरीवर बसून मनाशी मान्य केलं.

दार उघडलं. डॉक्टर मोनाली टोपी काढत बाहेर आली. "या, अक्का. भेटा तिला."

चांदी घोंगडीवर आडवी पडली होती. जीभ बाहेर, डोळे अर्धवट. पोटावर बोटभर लांबीची शिवण. द्रौपदाबाईने नाव घेतलं, तर शेपटीचं टोक जरासं हललं. द्रौपदाबाई खाली बसली आणि तिथून उठेना.

काही दिवस प्रज्ञाकडे काढून ती गावी परतली. चांदीच्या गळ्यात प्लास्टिकचं मोठं नरसाळं होतं, टाके चाटू नयेत म्हणून. हिलाल अंगणात होता. त्याने कुत्रीकडे बघितलं, वहिनीकडे बघितलं आणि आत गेला. द्रौपदाबाईने चांदीला घरात ठेवलं नाही. ओट्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा जागी गोणपाट अंथरलं आणि तिला तिथे बसवलं. बघायला गल्ली लोटली. टाके दिसतात का म्हणून बाया वाकून बघू लागल्या. द्रौपदाबाई चांदीला उताणी करून शिवण दाखवायची, आणि लालीला काय झालं होतं तेही सांगायची. कुणी न विचारता सांगायची. "पाप बघायला आलात ना? बघा नीट," असंही एकीला म्हणाली.

टाके निघाले, केस उगवले, चांदी धाब्यावर कावळ्यांमागे धावायला लागली. सगळं गोड झालं असं मात्र नाही. रतिलालशेठने पुढे निरोप पाठवला, डबे आणा म्हणून. द्रौपदाबाई गेली नाही. तिचे बिबडे आता प्रज्ञाच्या कॉलनीत जातात, आणि तेवढी मागणी तिथे नाही. नवलनाना समोरून आले तर मान वळवतात. हिलाल वहिनीशी कामापुरतंच बोलतो. पण पावसाळा संपता संपता गल्लीतल्या एका कुत्रीला पिल्लं झाली, आणि लोकांनी नेहमीसारखी हिलालला हाक मारली. तेव्हा तो म्हणाला, "मी नही जास आते त्या कामले." का, ते त्याने सांगितलं नाही.

दिवाळीनंतर एका सकाळी सुंदरबाई आली. कित्येक महिन्यांनी. हातात कापडी पिशवी आणि पिशवीतून मांजरीचं डोकं बाहेर आलेलं. ती दाराशी येऊन कुजबुजली, "द्रौपदा, हाई परत गाभन व्हई जाई. पिलंस्ना हाल मन्ह्यानं देखायत नही. तठे लई जाशी का?"

द्रौपदाबाई चूल सारवत होती. तिने हात धुतले, पदर खोचला. "लई जासू. पन अशी कानमा नको सांगू. मले पापीन म्हने तधळ बठ्ठी गल्लीले ऐकू जाये. आते बी जाऊ दे."

सुंदरबाई लाल झाली. तिचा नवरा ओट्यावर दाढी करत बसला होता, समोर बाया पाणी भरत होत्या. तिने पिशवी छातीशी धरली, अंगणाच्या मध्यावर गेली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी मन्ही मांजरनं आपरेशन कराले चालनू! कोनले काय बोलनं शे ते बोली ल्या!"

नवऱ्याचा वस्तरा गालावरच थांबला. एका बाईची कळशी तेवढी भरून वाहू लागली.

दोघी निघाल्या. गल्लीचं वळण आल्यावर सुंदरबाईचा पाय अडखळला. "मरनी तं वं?"

"मरू बी शकस," द्रौपदाबाई म्हणाली. "डॉक्टर बी तेच सांगी. भ्याव वाटत व्हई तं घर चाल, मी तुले काही बोलाव नही."

सुंदरबाई थांबली. पिशवीत मांजर गुरगुरलं. तिने आत हात घालून त्याच्या डोक्यावरून फिरवला, आणि द्रौपदाबाईच्या पुढे होऊन चालायला लागली.